उपाख्यान आणि कैफियत : ययातिकथेच्या पुनःकथनांविषयी

१

एखादी सर्वपरिचित कथा तिच्यातील दुसऱ्या पात्राच्या बाजूने पुन्हा सांगण्याचा प्रघात आधुनिक भारतीय साहित्यात आता चांगलाच रुळला आहे. मूळ कथेने ज्याला कोपऱ्यात उभे केले त्याला पुढे आणावयाचे, त्याच्या मुखी 'मी' घालावयाचा आणि आजवर झालेल्या अन्यायाची दाद त्याच्याकडून मागवून घ्यावयाची, असे या प्रघाताचे सर्वसाधारण स्वरूप आहे. वाचकाला हा प्रकार आवडतो. कथा ओळखीची असल्यामुळे तो निःशंकपणे आत शिरतो, आणि तिची बाजू बदललेली असल्यामुळे नव्या गोष्टीचे कुतूहलही टिकून राहते. परंतु लोकप्रियता हा वाङ्मयीन मूल्याचा पुरावा नव्हे. या प्रकाराने साधते काय, आणि साधल्यासारखे वाटूनही हातून निसटते काय, याचा विचार मराठीत व्हावा तितका झालेला नाही.

विचाराच्या आरंभीच दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. कथेत बोलतो कोण, हा एक प्रश्न. आणि कथेतील घटना कोणाच्या हिताहिताला अनुसरून रचलेल्या आहेत, हा दुसरा. पहिला प्रश्न निवेदकाचा आहे, दुसरा दृष्टिकोनाचा. निवेदक बदलला म्हणजे दृष्टिकोन आपोआप बदलतो, अशी एक सोयीची समजूत आहे. वस्तुतः 'मी' हे सर्वनाम कोणालाही उसने देता येते. दृष्टिकोन तसा देता येत नाही, कारण तो पात्राने काय गमावले, त्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक असणे शक्यच नाही, यांतून घडत असतो.

हा भेद पडताळून पाहण्यास महाभारताच्या आदिपर्वातील ययातीच्या उपाख्यानाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. १९५९ साली वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९६१ साली गिरीश कर्नाडांचे त्याच नावाचे कन्नड नाटक आले. १९६६ साली वि. वा. शिरवाडकरांनी 'ययाति आणि देवयानी' हे संगीत नाटक लिहिले. सात वर्षांच्या अवधीत दोन शेजारी भाषांतील तीन समर्थ लेखक एकाच लहानशा कथेकडे वळले, ही घटनाच विचार करण्याजोगी आहे. उपाख्यान म्हणजे आपल्या परंपरेतील लघुकथाच होय. थोडी पात्रे, एक पेच, एक निर्णायक वळण आणि थोडक्यात शेवट, असा तिचा घाट असतो. अशा कथेत प्रत्येक पात्राला जागा अपुरी पडते, आणि पुनःकथनाचा मोह या अपुऱ्या जागेतूनच उत्पन्न होतो.

२

मूळ उपाख्यानाकडे पाहताना एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. हे उपाख्यान कोणीतरी कोणाला तरी सांगत आहे. वैशंपायन ते जनमेजयाला सांगतो, आणि जनमेजय पुरूच्या वंशातला आहे. आपला पूर्वज ययाति याला शुक्राचार्यांची कन्या कशी प्राप्त झाली, हा त्याचा प्रश्न. अर्थात ऐकणारा राजा पुरूचा वारस आहे आणि ज्या गादीवर तो बसला आहे ती त्याच्या घराण्याकडे ज्येष्ठपणाच्या हक्काने आलेली नाही. धाकट्या पुरूने बापाचे वार्धक्य स्वीकारल्यामुळे आली आहे. म्हणजे मूळ कथाही कोणाच्याच बाजूची नाही, असे समजण्याचे कारण नाही. तिलाही एक श्रोता आहे, आणि त्या श्रोत्याच्या सिंहासनाचे समर्थन तिच्या पोटात आहे.

तथापि या कथेचा मोठेपणा असा की, ती समर्थनापाशी थांबत नाही. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक पात्र वाद घालते. शर्मिष्ठेने विहिरीत ढकललेली देवयानी ययातीच्या हाताचा आधार घेऊन वर येते आणि पुढे तोच हात दाखवून, पाणिग्रहण झालेच आहे, असा दावा मांडते. शर्मिष्ठा राजकन्या असून कुळाच्या हितासाठी दास्य पत्करते. पण ती मुकी दासी नाही. सखीचा पती तो आपलाही पती, असा मुद्दा ती ययातीपुढे काढते. राजा आपल्या शब्दाची अडचण सांगू लागला, तेव्हा कोणत्या पाच प्रसंगी असत्य दोषास्पद ठरत नाही हेही त्याला ऐकवते. शुक्राचार्यांपुढे उभा राहिल्यावर ययातीही धर्मशास्त्राचाच आश्रय घेतो आणि याचना करणाऱ्या स्त्रीला विन्मुख पाठवणे हे पाप ठरले असते, असे सांगतो. अखेरीस प्रजाजन पुढे येऊन विचारतात की, शुक्राचार्यांचा नातू आणि ज्येष्ठ पुत्र यदू असताना धाकट्याला राज्य कसे? त्यालाही ययातीजवळ उत्तर आहे.

अशा रीतीने प्रत्येकाची कैफियत मूळ कथेत नोंदलेली आहे. निकाल मात्र कोणाच्याच बाजूने पूर्णपणे लागत नाही. देवयानीचा संताप न्याय्य आहे. पण तिने बापाकडे केलेल्या तक्रारीतून जो शाप उत्पन्न झाला त्याचा फटका अखेर तिच्याच मुलांना बसला. यदू आणि तुर्वसू यांनी वार्धक्य नाकारले, त्यांना बापाचे शाप मिळाले आणि राज्य सवतीच्या मुलाकडे गेले. शर्मिष्ठेचा जय झाला म्हणावे, तर तो तिने आपल्या मुलाच्या तारुण्याचे मोल देऊन मिळवला. आणि ज्या यदूला कथेने अवज्ञेबद्दल दूर लोटले, त्याच्याच वंशात पुढे श्रीकृष्ण जन्माला आला. व्यासांच्या कथेत न्यायाचा तराजू असा सतत हलत राहतो.

या वादविवादात एकच पात्र असे आहे की, जे वाद घालत नाही. ते म्हणजे पुरू. चौघे भाऊ कारणे सांगून नकार देतात. पुरू मात्र, आपण सांगाल तसे करीन, एवढेच म्हणतो. ज्याचे सर्वस्व जाते त्याच्याच तोंडी युक्तिवाद नाही! जनमेजयाच्या सभेत या मौनाचे कौतुकच होणार, कारण ते मौन हाच त्या घराण्याचा राज्याधिकार होता. कथेत भेग आहे ती नेमकी येथे. पुढच्या पुनःकथनकारांपैकी ही भेग कोणाला दिसली आणि कोणाला दिसली नाही, यावर त्यांच्या कृतींचे मोल पुष्कळसे अवलंबून आहे.

३

मराठी रंगभूमीने या कथेचा पूर्वार्ध फार आधी हाताळला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'विद्याहरण' १९१३ सालचे. त्यात कच, देवयानी आणि मद्याच्या आहारी गेलेले शुक्राचार्य यांच्याभोवती नाट्य उभे आहे. त्याही आधी रवींद्रनाथांनी 'विदाय अभिशाप' या संवादकाव्यात कच आणि देवयानी यांच्या निरोपाचा एकच प्रसंग घेतला होता. या काव्यातील एका बारीक बदलाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मूळ कथेत देवयानी कचाला शाप देते, आणि कोणताही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही, असा उलट शाप कच तिला देतो. रवींद्रनाथांच्या काव्यात देवयानीचा शाप आहे, पण कच उलट शाप देत नाही. ती सुखी व्हावी, असे तो इच्छितो.

वरवर पाहता हा बदल कचाला उदात्त करणारा आहे. परंतु त्याचा खरा परिणाम देवयानीवर होतो. उलट शाप मिळाला असता, तर दोघांचा हिशेब चुकता झाला असता. आशीर्वाद मिळाल्यामुळे तिचा राग निराधार होऊन तिच्यापाशीच राहतो. येथे कोणालाही 'मी' म्हणून कथा सांगावयास लावलेले नाही. एका वाक्याचे पारडे फिरवले, आणि सगळा प्रसंग देवयानीच्या बाजूने पाहणे वाचकाला भाग पडले. सर्वनामाला हात न लावता दृष्टिकोन बदलता येतो, याचे याहून नेटके उदाहरण देणे कठीण आहे.

४

खांडेकरांनी याच्या उलट मार्ग स्वीकारला. 'ययाति' कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात. ग्रंथाचा मोठा भाग ययातीच्या निवेदनाने व्यापला आहे. पण देवयानी आणि शर्मिष्ठा यांना स्वतंत्र प्रकरणे देण्याची कल्पनाच त्या काळच्या मराठी कादंबरीत लक्षणीय होती. या कृतीला साहित्य अकादमीचा १९६० सालचा पुरस्कार आणि पुढे १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. मराठी लेखकाला मिळालेले ते पहिलेच ज्ञानपीठ. मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना ययाति ठाऊक झाला तो बहुतांशी या कादंबरीतून, हे निःसंशय.

खांडेकरांचे यश कशात आहे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. मुळातील पात्रांना भूतकाळ नाही. ती प्रसंगात येतात, बोलतात आणि जातात. खांडेकरांनी त्यांना स्मरणशक्ती दिली. ययातीला बालपण मिळाले, मातापित्यांच्या आयुष्यातील कटुतेची जाणीव मिळाली, मृत्यूचे भय मिळाले. त्यामुळे त्याची भोगलालसा हा निव्वळ स्वभावदोष न राहता एका भयग्रस्त मनाची धावपळ ठरली. देवयानीच्या प्रकरणांतून दुखावलेले प्रेम सत्तेच्या हव्यासाचे रूप कसे घेते, हे आतून दिसते. मुळात एका उल्लेखापुरता आलेला थोरला भाऊ यती येथे विरक्तीच्या दुसऱ्या टोकाचा प्रतिनिधी होतो, आणि निरोपानंतर कथेतून निघून गेलेला कच पुन्हा परत येऊन भोग व विराग यांमधला संयमाचा मार्ग दाखवतो. ज्या समाजात सुखसाधने वाढत होती आणि श्रद्धास्थाने ढळत होती, त्या समाजाच्या चित्राला हे उपाख्यान लेखकाने आरसा म्हणून वापरले. हा हेतू त्याने लपवलेला नाही.

परंतु दृष्टिकोनाची कसोटी लावली म्हणजे अडचणी दिसू लागतात. पहिली अडचण भाषेची. राजा, ऋषिकन्या आणि दासी झालेली राजकन्या हे तिघेही एकाच अलंकारप्रचुर, चिंतनशील, सुभाषितांकडे झुकणाऱ्या भाषेत बोलतात. प्रकरणाच्या आरंभीचे नाव झाकून ठेवले आणि घटनांचे संदर्भ काढून टाकले, तर उरलेला परिच्छेद कोणाचा हे सांगणे सोपे नाही. यावर असे म्हणता येईल की, हा एक संकेत आहे आणि पुराणकथेतील पात्रांनी वास्तववादी बोलीत बोलावे ही अपेक्षाच गैर आहे. हा आक्षेप अर्धा खरा आहे. बोली वेगळी असण्याची गरज नाही. पण नजर वेगळी असावयास हवी. एकाच उद्यानात देवयानीला जे दिसेल ते शर्मिष्ठेला दिसणार नाही, कारण एकीला तेथे मालकी दिसेल आणि दुसरीला काम. उपमा कोठून सुचतात, नजर प्रथम कशावर पडते, कोणती गोष्ट सांगावीशीच वाटत नाही, या निवडींतून निवेदकाची ओळख पटते. खांडेकरांच्या तिन्ही निवेदकांना उपमा एकाच भांडारातून मिळतात.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. कादंबरीतील शर्मिष्ठा ही निरपेक्ष प्रेमाची आणि त्यागाची मूर्ती आहे. तिच्याविषयी वाचकाला वाटणारी सहानुभूती खरी आणि उत्कट आहे. पण मुळातील शर्मिष्ठेची युक्तिवादाची धार या मूर्तीत मावळली आहे. जी स्त्री राजाला धर्माचे अपवाद ऐकवीत होती, ती स्वतःची कहाणी सांगण्याची संधी मिळाल्यावर अधिक सोशिक झाली, हा पुनःकथनाचा मोठाच विपर्यास होय. याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. लेखकाला तिच्यासाठी वाचकाकडून न्याय मिळवायचा आहे, आणि न्याय मागणाऱ्या पक्षकाराने निर्दोष दिसणे इष्ट असते. म्हणून तिच्या बाजूतील गैरसोयीचा भाग गळून पडतो. कथेची कैफियत होते ती अशी.

तिसरी अडचण निवडीची आहे. मुळात जे भरपूर बोलत होते त्यांनाच येथे अधिक बोलावयास मिळाले. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना व्यासांनी कधीच मुके ठेवले नव्हते. मुका होता तो पुरू. पुरूचे प्रकरण या कादंबरीत नाही. त्याचे मौन जनमेजयाच्या सभेत जितके आदरणीय होते, तितकेच आदरणीय ते येथेही राहिले.

५

गिरीश कर्नाडांचे नाटक या तिसऱ्या ठिकाणापासूनच सुरू होते, असे म्हणावयास हरकत नाही. ऑक्सफर्डला जाण्याच्या सुमारास, वयाची पंचविशीही गाठण्यापूर्वी लिहिलेले हे त्यांचे पहिले नाटक. मुळात या प्रसंगी पुरूला पत्नी नाही. कर्नाडांनी ती निर्माण केली आणि तिचे नाव चित्रलेखा ठेवले. ती नववधू म्हणून घरात येते आणि आल्याबरोबर तिला कळते की, नवऱ्याने आपले तारुण्य बापाला देऊन टाकले आहे.

पुरूचे मौन हा त्याचा गुण आहे, असे आजवरची परंपरा सांगत आली. चित्रलेखेच्या आगमनाने तो गुण एकाएकी हिशेबाचा विषय होतो. पुरूने जे दिले ते त्याचे एकट्याचे होते काय? त्यात जिचा वाटा होता तिला कोणी विचारले? ती या त्यागाने क्षणभर दिपते, आणि मग प्रत्यक्ष वृद्ध पती समोर येताच भयाने मागे सरते. पुढे ती सासऱ्याला जो प्रश्न विचारते तो या नाटकाचा कणा आहे. पुत्राचे तारुण्य घेतलेत, तर त्या तारुण्याबरोबर आलेली जबाबदारीही घ्या. त्याच्या वंशाचा गर्भ मला द्या, असा त्याचा आशय. ययाति हादरतो. शर्मिष्ठेच्या बाबतीत, मागणाऱ्या स्त्रीला नाकारणे हे पाप, असे ज्या राजाने मूळ कथेत सांगितले, त्याच राजापुढे तो युक्तिवाद येथे परत येऊन उभा राहतो, आणि आता त्याच्यापाशी उत्तर नाही. चित्रलेखा विष घेते आणि मरते.

चित्रलेखा कोठेही 'मी'ची कथा सांगत नाही. नाटकातील तिचा वावरही थोडा आहे. असे असूनही दृष्टिकोन बदलल्याची जाणीव येथे खांडेकरांच्या तिन्ही निवेदनांपेक्षा तीव्रतेने होते. मूळ कथेच्या जमाखर्चात जी रक्कम मांडलीच नव्हती, ती या पात्रामुळे मांडली जाते. आणि ती मांडल्यावर मूळ उपाख्यान पूर्वीप्रमाणे वाचता येत नाही. पुरूची आज्ञाधारकता वाचताना त्याच्या मागे उभ्या असलेल्या, व्यासांनी न दाखवलेल्या स्त्रीची आठवण होत राहते. पुनःकथनाने मूळ कृतीच्या वाचनात असा कायमचा फरक घडवून आणणे, हे त्याच्या यशाचे सर्वांत विश्वसनीय गमक मानले पाहिजे.

तथापि कर्नाडांचे यशही निर्भेळ नाही. चित्रलेखेच्या मृत्यूने ययातीला जाग येते आणि तो आपले वार्धक्य परत घेतो. म्हणजे नाटकाच्या रचनेत तिचा मृत्यू हे ययातीच्या आत्मबोधाचे साधन ठरते. मुळात पुरूचे तारुण्य राजाच्या उपयोगी पडले. येथे त्याच्या पत्नीचा प्राण राजाच्या उपयोगी पडतो. तिला प्रश्न विचारण्याचा अधिकार नाटककाराने दिला, पण त्या प्रश्नानंतर जगण्याची वाट तिला दिली नाही. नाटकाचे नावही शेवटी 'ययाति' हेच राहते.

शिरवाडकरांच्या नाटकाने नावात देवयानीला ययातीच्या बरोबरीने बसवले, हे या दृष्टीने सूचक वाटते. संगीत नाटकात पदांमुळे पात्राला कथेची गती थांबवून आपल्या मनाशी राहता येते. त्यामुळे दृष्टिकोन प्रकट करण्याचे एक साधन या प्रकाराला जन्मजातच लाभलेले असते. परंतु पदाचा धर्म भाव घनीभूत करण्याचा आहे, हिशेब मागण्याचा नाही. प्रस्तुत प्रश्नाच्या संदर्भात म्हणून खांडेकर आणि कर्नाड यांच्यातील विरोध अधिक फलदायी ठरतो.

६

ययातीच्या घरातील आणखी एक व्यक्ती या संदर्भात विसरून चालणार नाही. ती म्हणजे त्याची कन्या माधवी. तिची कथा आदिपर्वाच्या या उपाख्यानात नसून उद्योगपर्वात आहे. गुरुदक्षिणेसाठी गालवाला एक कान काळा असलेले आठशे शुभ्र घोडे हवे होते. ययातीजवळ ते नव्हते. म्हणून त्याने मुलगी दिली. गालवाने तिला एकामागून एक तीन राजांकडे नेले, प्रत्येकाकडून दोनशे घोडे मिळवले आणि उरलेल्यांच्या बदल्यात तिला विश्वामित्रांकडे ठेवले. चौघांपासून तिला चार पुत्र झाले. शेवटी स्वयंवराच्या वेळी तिने वनाला वरले. पुढे स्वर्गातून पडणाऱ्या ययातीला हेच नातू आपले पुण्य देऊन सावरतात, आणि माधवीही आपल्या पुण्याचा अर्धा भाग बापाला देते.

पुत्राने तारुण्य दिले, कन्येने शरीर आणि पुण्य दिले, नातवांनी पुण्य दिले. ययातीचे सगळे आयुष्य पुढच्या पिढीकडून घेण्यात गेले, हे या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजेच ध्यानात येते. आदिपर्व आणि उद्योगपर्व यांतील अंतरामुळे हा मेळ सहसा नजरेत भरत नाही. भीष्म साहनी यांनी 'माधवी' या हिंदी नाटकात त्या कन्येला केंद्रस्थानी आणले. माधवीला पुन्हा पूर्ववत तरुण होण्याचे वरदान आहे. सगळी दक्षिणा पुरी झाल्यावर मात्र ती ते वापरत नाही. थकलेल्या, वय दिसू लागलेल्या रूपातच ती गालवापुढे येते, आणि त्याचा संकोच पाहून निघून जाते. बाप ज्यासाठी मुलापुढे हात पसरतो ते तारुण्य मुलीच्या हाती आहे, आणि ती ते घेत नाही. साहनींनी ययातीवर टीकेचा एक शब्दही लिहिला नसता, तरी या एका नकाराने पुरूच्या कथेवर भाष्य झाले असते. शिवाय ही नायिका मरत नाही. तिचा नकार कोणाच्या जागृतीसाठी खर्ची पडत नाही. तो तिच्यापाशी राहतो. कर्नाडांच्या नाटकात जी उणीव जाणवली, तिचे उत्तर अशा रीतीने दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या पर्वातील कथेत सापडते.

७

येथवरच्या विवेचनाने एक प्रश्न उपस्थित होतो. मराठीत पुनःकथनाची ही हौस महाभारतापाशीच का घुटमळते? १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली. तिच्यात कर्णाबरोबर कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि श्रीकृष्ण हेही कथा सांगतात. त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले आणि निबंधाच्या रूपातही व्यक्तींची फेरतपासणी किती भेदक होऊ शकते, हे त्यांनी दाखवले. पण आधुनिक मराठी लघुकथेतील एखादे दुय्यम पात्र घेऊन दुसऱ्या लेखकाने कथा लिहिली आणि ती मूळ कथेइतकी गाजली, असे उदाहरण सहज आठवत नाही. इतरत्र असे घडलेले आहे. चेकॉव्हची कुत्रेवाल्या बाईची १८९९ सालची कथा गुरोवच्या मनाला धरून चालते. अमेरिकन लेखिका जॉइस कॅरोल ओट्स यांनी १९७२ साली कथासंग्रहात समाविष्ट केलेल्या आपल्या कथेत तेच प्रकरण अमेरिकेत आणून त्या स्त्रीच्या बाजूने मांडले. मूळ कथेतील पुरुषाला ज्या प्रेमाने अर्थ सापडत जातो, त्याच प्रेमाने त्या स्त्रीच्या आयुष्यात कशी घुसमट होते, हे त्यामुळे दिसून आले.

याचे कारण वाचकसमाजाच्या घडणीत शोधले पाहिजे. पुनःकथनाला मूळ कथा वाचकाच्या आधीपासून परिचयाची असावी लागते. नाहीतर काय बदलले हेच त्याला कळणार नाही. दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरासारख्या सरकारी नोकरांच्या वसाहतींत मराठी, बंगाली, कन्नड, पंजाबी कुटुंबे वर्षानुवर्षे एकमेकांच्या शेजारी राहत आली. तेथे ययातीचे नाव घेतले, तर प्रस्तावना करावी लागत नाही. कर्नाडांचे नाटक हिंदीत आणि साहनींचे मराठी माणसाच्या घरात विनासायास पोहोचते, कारण कथा सर्वांची आहे. परंतु तेथेच गंगाधर गाडगीळ किंवा अरविंद गोखले यांच्या कथेतील एखाद्या स्त्रीची दुसरी बाजू सांगावयास गेले, तर आधी मूळ कथाच सांगावी लागेल. मराठी वाचकांमध्येही स्थिती याहून फारशी वेगळी नाही. आधुनिक कथेला अभिजातपणाचा मान आपण समीक्षेत देतो. पण ती समाजाच्या सामाईक स्मृतीत रुजली आहे काय, याची परीक्षा पुनःकथनाच्या वेळी होते. भाषांतराचे आणि पुनर्मुद्रणाचे काम म्हणूनच पुनःकथनाच्या आधीचे आहे.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते कलेच्या अंगाचे आहे. आधुनिक लघुकथा पुष्कळदा कोणाच्या तरी मौनावरच उभी असते. प्रेमचंदांच्या 'कफन' कथेत प्रसूतीच्या वेदनांनी तळमळणारी बुधिया झोपडीत आहे, आणि बाहेर घीसू व माधव भाजलेले बटाटे खात बसले आहेत. दलित लेखकांनी या कथेच्या चित्रणाला गंभीर आक्षेप घेतले आहेत, आणि त्यांची दखल घेतल्याविना या कथेचे आज वाचन होऊ शकत नाही. पण बुधियाच्या तोंडी निवेदन घालून हा प्रश्न सुटेल काय? तिचे ऐकू येणारे कण्हणे आणि त्याकडे झालेले दुर्लक्ष हाच त्या कथेचा घाट आहे. तिला प्रदीर्घ स्वगत दिले, तर कदाचित तिच्याविषयीची करुणा वाढेल. पण तिच्या वाट्याला आलेल्या एकाकीपणाचा प्रत्यय कमी होईल, कारण वाचकरूपी श्रोता तिला मिळालेला असेल. बुधियाची कथा सांगावयाचीच झाली, तर वेगळा प्रसंग, वेगळा काळ आणि कदाचित वेगळा वाङ्मयप्रकार शोधावा लागेल. बाबूराव बागुलांनी १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहात कोणाच्याही जुन्या कथेची दुसरी बाजू सांगितली नाही. त्यांनी आपल्याच कथा सांगितल्या. काही मौनांना पुनःकथन हे उत्तर नसते, हे त्यांच्या लेखनाने सिद्ध केले.

८

उपाख्यानाच्या पुनःकथनाविषयी यावरून काही निष्कर्ष काढता येतात. ज्या पात्राला पुढे आणावयाचे, त्याच्या दुःखाचे मोजमाप करण्यापूर्वी मूळ कथेचा हिशेब कोठे अपुरा राहिला आहे, हे लेखकाने शोधले पाहिजे. मूळ कथा जेथे वाद घालते तेथे आणखी एक वकील उभा करून फारसे काही साधत नाही. ती जेथे निःशंकपणे कौतुक करून पुढे जाते तेथे थांबणे अधिक उपयुक्त होय. त्याचप्रमाणे, पुढे आणलेल्या पात्राला चुकण्याचा अधिकार असला पाहिजे. त्याला सर्व काही ठाऊक असता कामा नये, आणि त्याचे बोलणे ऐकताना वाचकाला अधूनमधून त्याच्याशी असहमत होता आले पाहिजे. ज्या निवेदकाविषयी फक्त सहानुभूतीच बाळगता येते, त्याची मुक्तता होते, पण तो माणूस म्हणून उभा राहत नाही.

या कसोटीने पाहिले असता येथे विचारात घेतलेल्या कृतींनी ययातीच्या घरातील पुष्कळ दालने उघडली; परंतु देवयानीचे एक दालन अद्याप बंदच आहे. ती अहंकारी म्हणून रंगवली जाते, किंवा वंचित प्रेयसी म्हणून. पण ज्या क्षणी यदूने वार्धक्य नाकारले आणि त्याचे राज्य गेले, त्या क्षणी तिला काय वाटले असेल? तक्रार तिचीच होती, ती खरीही होती, आणि तिचे फळ तिच्याच मुलाच्या पदरात पडले. आपला पक्ष न्याय्य असूनही आपल्याच घरावर कोसळतो, हे उमगलेल्या स्त्रीला कैफियत मांडण्यात रस उरणार नाही. तिला जे सांगावेसे वाटेल ते निर्दोषतेच्या दाव्याहून अवघड असेल. व्यासांनी तिला येथे गप्प ठेवले आहे, आणि हे मौन पुरूच्या मौनाहून कमी अर्थपूर्ण नाही.